सांगणाऱ्याचे नाव

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. मराठीतला आद्य गद्य ग्रंथ मानले जाणारे ‘लीळाचरित्र’ इथेच, वाजेश्वरीच्या परिसरात, १२७८ च्या सुमारास सिद्ध झाले. शाळेच्या पुस्तकात त्याच्यापुढे ‘कर्ता : म्हाइंभट’ एवढेच छापलेले असते आणि जोड्या लावा या प्रश्नाला तेवढे पुरते. ग्रंथ हातात घेतला की मात्र ‘कर्ता’ हा शब्द अपुरा पडू लागतो. त्यातला एकही प्रसंग म्हाइंभटांनी रचलेला नाही. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी निघून गेल्यानंतर त्यांच्या सहवासात राहिलेल्या एकेका माणसाकडे म्हाइंभट गेले, कोणी काय पाहिले आणि काय ऐकले ते विचारले, उतरवून घेतले आणि पंथप्रमुख नागदेवाचार्यांसमोर ठेवून पडताळले. बोल चक्रधरांचे, आठवण महदाइसेसारख्या प्रत्यक्ष ऐकणाऱ्यांची, तपासणी नागदेवाचार्यांची आणि शोध, जुळणी व लेखन म्हाइंभटांचे. त्यात पुढे आणखी एक थर चढला. चौदाव्या शतकाच्या आरंभी उत्तरेकडच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि ज्यांना ती पाठ होती त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यामुळे एकाच लीळेचे वेगवेगळे पाठ झाले. हिराइसेचा पाठ एक, रामेश्वरबासांचा दुसरा, परशरामबासांचा तिसरा. पंथातल्या मंडळींनी त्यातला एक निवडून बाकीचे पुसून टाकले नाहीत. पाठभेदाला त्यांनी ‘वासना’ असे नाव दिले आणि ती कोणाची, हे तिच्याजवळ लिहून ठेवले.

कर्तृत्व मोजण्याच्या ज्या पद्धती आज विद्यापीठांत रूढ आहेत, त्या या ग्रंथासमोर धरून पाहाव्यात. एखाद्या कामाचा कर्ता कोण आणि किती, हे ठरवायला निरनिराळ्या ज्ञानशाखांनी निरनिराळ्या पट्ट्या बनवल्या. प्रत्येक पट्टी कामाचा एकच अंश मोजते, आणि एका शाखेची पट्टी दुसरीला लावली की कोणावर तरी अन्याय होतो. मोजणीच्या आधी नोंद हवी, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे. कोणी काय केले हे लिहिलेले नसेल, तर नंतर कितीही बारकाईने मोजले तरी हाती काही लागत नाही.

आधी ‘लेखक’ हा शब्दच पाहू. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखकाचे नाव येते, पण तो लेखक म्हणजे ग्रंथ उतरवून काढणारा, आज ज्याला आपण लेखनिक म्हणू तो. ग्रंथ रचणाऱ्याला कर्ता किंवा ग्रंथकार म्हणत. व्यासांनी सांगायचे आणि गणपतीने लिहायचे, ही महाभारताची कथा ज्या समाजाच्या तोंडी होती, त्याला हे दोन माणसांचे दोन वेगळे उद्योग वाटणे स्वाभाविक होते. पोथी उतरवणारा शेवटी क्षमा मागून मोकळा होई : समोर जसे होते तसे उतरवले, शुद्ध-अशुद्धाचा दोष माझ्याकडे नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर मजकुराची जबाबदारी तो स्पष्टपणे नाकारत होता. छापखाना आल्यावर उतरवणाऱ्याची गरज संपली आणि ‘लेखक’ हा मोकळा झालेला शब्द रचणाऱ्याला चिकटला. तेव्हापासून लेखन आणि कर्तृत्व एकच, असे आपण धरून चालतो.

ते एक नसते, याचा पुरावा चांदूरबाजार तालुक्यातल्या माधानला आहे. १८८१ साली जन्मलेले गुलाबराव महाराज नऊ महिन्यांचे असतानाच दृष्टी गमावून बसले आणि १९१५ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. एवढ्या आयुष्यात त्यांच्या नावावर शंभराहून अधिक ग्रंथ आहेत. शास्त्रग्रंथ दुसऱ्यांनी वाचून दाखवायचे आणि महाराजांनी सांगितलेले दुसऱ्यांनीच उतरवायचे, असे ते सगळे काम झाले. त्या ग्रंथांचे कर्ते महाराजच, याबद्दल कोणाला शंका नाही. पण वाचून दाखवणारे आणि लिहून घेणारे नसते तर एकही ग्रंथ झाला नसता, हेही तितकेच खरे. कर्ता एकच आहे आणि काम अनेकांचे आहे, ही दोन विधाने इथे एकमेकांना छेद देत नाहीत. आधुनिक मोजपट्ट्यांना नेमके हेच पेलत नाही.

साहित्याच्या अभ्यासात कर्ता शोधण्याची पद्धत शैलीवरून जाते. १८९८-९९ मध्ये शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने ‘सुधारक’ पत्रात लेखमाला लिहून ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकार ज्ञानदेव या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, असा पक्ष मांडला. ज्ञानेश्वरीची भाषा जुनी, अभंगांची नवी. अभंग विठ्ठलभक्तीने भरलेले, ज्ञानेश्वरीत विठ्ठलाचा उल्लेख नाही. मुद्दे बिनतोड वाटतात, पण विद्वानांनी ते मानले नाहीत, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ज्ञानेश्वरी पोथ्यांतून आली. १५८४ साली एकनाथांनी ती शुद्ध केल्यावर तिचा पाठ बराच स्थिरावला. अभंग मात्र शतकानुशतके गळ्यागळ्यांतून आले आणि प्रत्येक पिढीने ते आपल्या बोलीत गायले. तेव्हा दोहोंच्या भाषेतला फरक दोन कवींमधला आहे की दोन वाटांमधला, हे नुसती भाषा तपासून सांगता येत नाही. भारद्वाजांनी मापले ते बऱ्याच अंशी गाणाऱ्यांचे कर्तृत्व होते.

शैलीची मोजणी पुढे गणिताच्या हाती गेली. अमेरिकेची राज्यघटना संमत व्हावी म्हणून १७८७-८८ मध्ये एकाच टोपणनावाने ८५ निबंध निघाले होते. त्यातले १२ हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीडशेहून अधिक वर्षे चालला. १९६४ साली फ्रेडरिक मोस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी त्यावर ग्रंथ लिहिला. निबंधांचा विषय, विचार, अलंकार त्यांनी बाजूला ठेवले आणि लिहिणाऱ्याचे ज्यांच्याकडे लक्षही नसते असे बारीकसारीक शब्द मोजले. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत सुमारे तीनदा वापरत असे, मॅडिसन क्वचितच. बाराही निबंधांचा कौल मॅडिसनकडे गेला. ही पद्धत सुंदर आहे, पण तिच्या यशामागे दोन गोष्टी होत्या : संभाव्य लिहिणारे दोनच होते आणि मजकूर छापील होता. मराठी पोथीत दोन्ही नसतात. शिवाय इंग्रजीत जे काम सुटे शब्द करतात, ते मराठीत शब्दाला चिकटलेले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये करतात, आणि पोथीत तर ओळीतले शब्दही तोडलेले नसतात. यंत्राने मोजायचे तर आधी माणसाने शब्द आणि प्रत्यय वेगळे करून द्यायला हवेत. तिथे संपादकाचा निर्णय मोजणीत शिरतो. लीळाचरित्रावर अशी मोजणी केली तर उत्तर म्हाइंभटांबद्दल मिळेल, हिराइसेबद्दल, की सतराव्या शतकातल्या एखाद्या पोथीकाराबद्दल? वासनेजवळ नाव लिहिलेले आहे म्हणून निदान हा प्रश्न विचारता तरी येतो.

आता विज्ञानाकडे वळू. तिथे कर्ता अज्ञात नसतो, उलट नावेच फार असतात. हिग्ज बोसॉनचे वस्तुमान सांगणारा एक शोधनिबंध मे २०१५ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला. त्याला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी ९ पानांत निबंध आणि संदर्भ, उरलेल्या २४ पानांत नावे आणि त्यांच्या संस्था. हे हास्यास्पद आहे असे म्हणणे सोपे, पण त्या प्रचंड यंत्राचा एकेक भाग बांधणाऱ्या आणि राखणाऱ्याशिवाय ते वस्तुमान मोजलेच गेले नसते. त्या शाखेने ‘ज्याच्यावाचून अडले असते तो कर्ता’ अशी व्याख्या स्वीकारली आहे. गणिताची रीत निराळी. तिथे दोघांनी मिळून प्रमेय सिद्ध केले की कोणाचा वाटा किती हे विचारतच नाहीत, नावे वर्णानुक्रमे लावतात. प्राणिशास्त्र किंवा रसायनशास्त्रात पहिले नाव हाताने प्रयोग करणाऱ्याचे आणि शेवटचे बहुधा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे असते, त्यामुळे मधल्या नावांना किंमत कमी. वैद्यकाने लेखी नियम केले. तिथल्या नियतकालिकांच्या संपादकांची समिती १९७८ साली व्हँकूव्हरला जमली आणि आज तिच्या चार अटी आहेत : कल्पनेत, आखणीत किंवा माहिती मिळवण्या-लावण्यात भरीव वाटा, मसुदा लिहिणे किंवा सुधारणे, अंतिम प्रतीला मान्यता आणि सगळ्या मजकुराची जबाबदारी. या चारही पुऱ्या केल्या तरच लेखक, नाहीतर ऋणनिर्देशात एक ओळ. या अटी लीळाचरित्राला लावल्या तर चक्रधरस्वामी बाद होतात, कारण अंतिम प्रत त्यांनी पाहिली नाही. हिराइसा बाद होते, कारण मूळ आखणीत ती नव्हती. ग्रंथ जिच्या स्मरणातून वाचला, तिला ऋणनिर्देशावर समाधान मानावे लागते.

ही विसंगती निव्वळ कल्पनेतली नाही. विदर्भाच्या शेतात ती खरोखर घडली आहे. अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झाले आणि विदर्भातल्या पिकांचे वाण काढणे हे त्याचे मोठे काम. वाणाचा कर्ता म्हणजे पैदासकार. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी. १९८३ साली त्यांना ‘पटेल ३’ या धानात पिवळसर छटेच्या तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी ते दाणे राखले, वर्षानुवर्षे निवडून पेरले, आणि त्यातून बारीक दाण्याचा, खायला चांगला असा वाण तयार झाला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून बाजारात त्याला ‘एचएमटी’ म्हणू लागले. १९९४ साली विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्याकडून पाच किलो बियाणे नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ हा वाण प्रसारित झाला. वाण आम्ही शुद्ध केला, ही विद्यापीठाची बाजू. मूळ माणसाचे श्रेय गेले, ही खोब्रागडे यांच्या बाजूने बोलणाऱ्यांची. २००५ साली नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने खोब्रागडे यांचा गौरव केला. ३ जून २०१८ रोजी ते वारले.

या वादात एका बाजूला खलनायक ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. शुद्धीकरण हे खरे काम आहे : भेसळ काढायची, ओळीने लावायचे, ठिकठिकाणी चाचण्या घ्यायच्या, हंगामामागून हंगाम नोंदी ठेवायच्या. आणि ‘पटेल ३’ तरी आकाशातून पडला नव्हता, तो जबलपूरच्या कृषी विद्यापीठात जे. पी. पटेल यांनी काढला होता. म्हणजे ही साखळी आहे : पटेल यांचा वाण, खोब्रागडे यांची नजर आणि निवड, अकोल्याचे शुद्धीकरण. तिन्ही कड्या खऱ्या. वाद पेटला तो मधली कडी नावात आणि कागदात ठळकपणे न आल्यामुळे. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला आणि पैदासकाराच्या व्याख्येत त्याने संस्थेबरोबर शेतकरी आणि शेतकऱ्यांचा गटही घातला. या बाबतीत कायदा शोधनिबंधांच्या नियमांपेक्षा पुढे आहे, कारण एक ओळही न लिहिणाऱ्या माणसाला तो कर्ता म्हणू शकतो.

या निरनिराळ्या रीती आपापल्या घरी सुखाने नांदल्या असत्या, पण नेमणूक आणि पदोन्नतीसाठी सर्वांना एका तक्त्यात बसवावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांत संयुक्त निबंधाचे ६० टक्के गुण पहिला लेखक आणि पत्रव्यवहार पाहणारा लेखक किंवा मार्गदर्शक यांनी निम्मे-निम्मे घ्यायचे आणि उरलेले ४० टक्के बाकीच्यांत समान वाटायचे, असे होते. बेरीज शंभर. नवे नाव आले की इतरांचा वाटा घटे, त्यामुळे खरा हक्कदारही बाहेर राहण्याचा धोका होता. २०१८ च्या नियमांनी हे उलटवले. लेखक दोन असतील तर प्रत्येकी ७० टक्के. अधिक असतील तर पहिल्या, प्रमुख किंवा पत्रव्यवहाराच्या लेखकाला ७० आणि बाकी प्रत्येकाला ३०. दोघांच्या निबंधाची बेरीज १४० होते, पाच जणांच्या निबंधाची १९० आणि दहा जणांच्या निबंधाची ३४०. तिसऱ्यानंतर जोडलेल्या नावाची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही. पहिल्या नियमात नाव वगळण्याचा मोह होता, दुसऱ्यात घुसवण्याचा आहे. कोणी काय केले हा प्रश्न दोन्ही नियम विचारत नाहीत.

हीच पट्टी गणिताला लावली की आणखी अनर्थ होतो. तिघांनी मिळून लिहिलेल्या निबंधावर रोमन वर्णानुक्रमाने आंबेकर पहिले, देशमुख मध्ये आणि वानखडे शेवटी येणार. पत्रव्यवहारासाठी दुसऱ्या कोणाचे नाव दिलेले नसेल, तर आडनावाच्या आद्याक्षरामुळे आंबेकरांना ७० आणि वानखडेंना ३०. ही भीती पोकळ नाही. लिरान आयनाव आणि लीयाट यारिव्ह यांनी २००६ साली दाखवून दिले की अमेरिकेतल्या अग्रगण्य अर्थशास्त्र विभागांत वर्णमालेत पुढे असलेल्या आडनावाच्या प्राध्यापकांना कायम नेमणूक मिळण्याची शक्यता अधिक होती. अर्थशास्त्रात नावे वर्णानुक्रमे लावतात. मानसशास्त्रात तशी रीत नाही आणि तिथे हा परिणाम दिसला नाही.

भाषाभ्यासाची गत याहून वाईट. वि. भि. कोलते बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे. महानुभाव वाङ्मयात त्यांनी आयुष्य घातले आणि त्यांनी संपादलेले लीळाचरित्र १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांतल्या पोथ्या वाचायच्या, पाठ ताडून पाहायचे, प्रत्येक वासनेचा निर्णय करायचा, हे वर्षानुवर्षांचे काम. २०१८ च्या तक्त्यात भाषा विषयातल्या एका शोधनिबंधाला १० गुण आहेत आणि राष्ट्रीय प्रकाशकाकडच्या ग्रंथसंपादनाला ८. एवढ्यावरून तरुण प्राध्यापक कोणत्या कामाला हात घालील, हे वेगळे सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप असा येईल की आकडे नसते तर निवड समित्यांत ओळखपाळख आणि जातगोत चालले असते. लहान गावच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्याला आकड्यानेच न्याय मिळतो. या म्हणण्यात तथ्य आहे आणि आकडे टाकून द्या असे मी म्हणणार नाही. पण न्याय त्याच शाखेतल्या दोघांची तुलना करताना मिळतो. २००५ साली संशोधकाचे काम उद्धरणांवरून मोजणारा एच-निर्देशांक सुचवणारे भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनीही शाखेशाखेतला फरक त्याच लेखात मान्य केला होता. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे : लीळाचरित्र हा भक्तीचा ग्रंथ आहे, त्यातली नावे श्रद्धेपोटी आली, तिचा संशोधनाशी काय संबंध? हेतू श्रद्धेचाच होता, हे खरे. पण स्वामींचा शब्द बदलता कामा नये या श्रद्धेनेच साक्षीदाराचे नाव जपायला लावले, आणि विद्वत्तेला तरी दुसरे काय हवे असते? तिसरा आक्षेप, योगदानाच्या नोंदीही खोट्या लिहिता येतात. येतात. मात्र ‘सहलेखक’ या मोघम शब्दातले खोटे पकडता येत नाही, आणि ‘क्षेत्रावरची मोजमापे यांनी घेतली’ या वाक्यातले खोटे पकडता येते, कारण कोणाला आणि काय विचारायचे ते त्या वाक्यातच असते.

जगाला ही जाणीव उशिरा झाली. ‘लेखक’ ही कोटी सोडून निबंधामागची कामे नावानिशी लिहा, अशी सूचना ड्रमंड रेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली वैद्यकात केली. पुढे ‘क्रेडिट’ नावाची १४ कामांची यादी आली आणि अनेक नियतकालिकांनी ती स्वीकारली : कल्पना, पद्धत, प्रत्यक्ष तपास, माहितीची राखण, मूळ मसुदा, देखरेख आणि इतर. यादी चांगली आहे, पण प्रयोगशाळेच्या मापाने बेतलेली आहे. बियाणे राखणारा शेतकरी तिच्यात नाही आणि ग्रंथ पाठ करून ठेवणारी हिराइसा तर नाहीच.

रिद्धपूरच्या परंपरेत या यादीहून काटेकोर असा एक ग्रंथ आहे, केसोबासांचा ‘दृष्टांतपाठ’. त्यात ११४ दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाचे तीन भाग पडतात. सूत्र चक्रधरांचे, दृष्टांत चक्रधरांचा आणि त्या दोहोंची सांगड घालून देणारे दार्ष्टांतिक केसोबासांचे. कोणता शब्द गुरूचा आणि कोणता आपला, ही रेघ शिष्याने ग्रंथाच्या बांधणीतच ओढून ठेवली. रिद्धपूरला २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठ आहे, अमरावतीला १९८३ पासून विद्यापीठ आहे, अकोल्याचे त्याहून जुने. प्रबंध स्वीकारताना या तिघांनी शेवटी एक जास्तीचे पान मागावे : माहिती कोणी सांगितली, पोथी कोणी वाचून दिली, बियाणे कोणाच्या शेतातले, मोजमाप कोणाच्या हातचे. त्या पानाला गुण देऊ नयेत. ते कोरे असेल तर प्रबंध परत करावा.